काळ्या दगडाची कुळकथा

गेल्या वर्षी आम्ही बेळगावातलं जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा सगळ्यात जास्त वाद झाला तो पाट्यावरून. भांडीकुंडी, ट्रंका, देवघर यांची वाटणी तासाभरात झाली. पाटा-वरवंटा मात्र परसात तसाच पडून राहिला. "तिसऱ्या मजल्यावर हा धोंडा कोण चढवणार?" असं धाकटे भावजी म्हणाले, आणि मिक्सर असताना त्याची गरज ती काय, हेही खोटं नव्हतं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्यांनी पाटा नारळाच्या शेंडीनं घासून, धुऊन, हळदकुंकू लावून ठेवलेला. घरातल्या चार मुलांची पाचवी याच पाट्यावर पुजलेली. मग कोण काय बोलणार?

पाटा ओला होता तेव्हा पुतण्यानं विचारलं, "काकू, यात हे पांढरे पांढरे तीळ कसले?" मी बारकाईनं पाहिलं. काळ्याभोर दगडात जिऱ्या-तिळाएवढे पांढुरके ठिपके होते. एवढी वर्षं त्या पाट्यावर चटण्या वाटल्या, पण कधी निरखून पाहिलं नव्हतं. शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवूनही! ते ठिपके म्हणजे एके काळी खदखदणाऱ्या लाव्हारसातले वायूचे बुडबुडे. रस थिजला, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यानं आणून सोडलेली खनिजं साचून त्या भरून गेल्या. आमच्या घरातला पाटा साधारण साडेसहा कोटी वर्षांचा निघाला.

पुतण्याचा पुढचा प्रश्न अर्थातच, "मग इथं ज्वालामुखी कुठं होता?" त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पृथ्वीच्या पोटात सगळीकडे तापलेला रस डुचमळतो आहे आणि भोक पडलं की तो बाहेर येतो, असं चित्र आपल्या मनात असतं. तसं नाही. आपल्या पायाखालच्या कवचाखाली जे जाड आवरण आहे ते अतिशय तप्त असलं तरी घनच आहे, कारण त्याच्यावर दाब प्रचंड आहे. कुकरमध्ये दाबामुळे पाणी शंभर अंशांना उकळत नाही, हे गृहिणींना सांगायला नको. तसाच दाबाखालचा खडक, एरवी वितळला असता एवढ्या तापमानालाही वितळत नाही. पण हा तप्त खडक काही कारणानं हळूहळू वर सरकू लागला, तर दाब कमी होतो आणि त्याचा काही भाग वितळतो. दुसरीही एक रीत आहे. समुद्राचा तळ खंडाखाली घुसतो तिथं त्याच्याबरोबर पाणी खोल जातं, आणि पाण्याच्या संगतीनं खडक कमी तापमानाला वितळतो. जपान, इंडोनेशिया इथले ज्वालामुखी या दुसऱ्या जातीचे. आपल्या अंदमानातलं बॅरन बेटही त्यांतलंच. दीडशेहून अधिक वर्षं गप्प बसलेला हा ज्वालामुखी १९९१ साली पुन्हा जागा झाला, आणि त्यानंतरही अधूनमधून धुमसत आला आहे. (हिमाचलातलं ज्वालामुखी देवीचं स्थान मात्र या यादीत नाही. तिथल्या ज्योती जमिनीतून येणाऱ्या ज्वलनशील वायूच्या आहेत.)

वितळलेला रस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून तो वर चढतो. त्यात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू विरघळलेले असतात. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलेपर्यंत पाणी कसं निवांत दिसतं, आणि गोटी ढकलली की फेस उसळतो. रस वर आला, दाब उतरला की त्यातल्या वायूंचं असंच होतं.

आता खरी मेख. काही ज्वालामुखी उसाचा रस कढईतून ओसंडावा तसे वाहतात आणि काही बॉम्बसारखे फुटतात. असं का? स्वयंपाकघरातच उत्तर आहे. आमटीला उकळी येते तेव्हा बुडबुडे येतात, फुटतात, कुणाला काही त्रास नाही. पण पिठलं घट्ट झालं की काय होतं? बुडबुडा सहजी बाहेर पडू शकत नाही. आत अडकतो, फुगतो आणि फद्कन फुटून हातावर चटका देतो. रसाचा घट्टपणा ठरतो तो मुख्यतः सिलिकावर, म्हणजे आपली वाळू ज्याची असते त्या द्रव्यावर. सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास असलेला रस हजार-अकराशे अंश तापलेला आणि पातळ असतो. तो थिजला की बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सिलिका सत्तर टक्क्यांवर गेलेला रस तुलनेनं कमी तापलेला आणि चिकट. तो थिजला की फिकट रंगाचा रायोलाइट. त्यातच वायू कोंडला असेल तर डोंगराचं टोक उडतं. १८८३ साली इंडोनेशियातला क्राकाटोआ फुटला त्याचा आवाज जवळजवळ पावणेपाच हजार किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू आला. समुद्राच्या लाटांनी छत्तीस हजारांवर माणसं गेली. त्या स्फोटातला फेस हवेतच थिजून झालेला प्यूमिस नावाचा दगड इतका हलका की त्याचे तराफे हिंदी महासागरावर महिनोन् महिने तरंगत आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले.

एक ज्वालामुखी तर माणसाच्या डोळ्यांदेखत जन्मला. मेक्सिकोतल्या पारिकुतिन गावी २० फेब्रुवारी १९४३ रोजी दिओनिसिओ पुलिदो नावाचा शेतकरी आपल्या मक्याच्या शेतात काम करत असताना जमिनीला भेग पडली, धूर आणि राख येऊ लागली. दुसऱ्या दिवशी तिथं टेकडी उभी होती. वर्षभरात ती तीनशे मीटरच्या वर गेली. नऊ वर्षं हा प्रकार चालला आणि १९५२ साली जसा अचानक सुरू झाला तसाच थांबला. शेजारचं सान हुआन गाव काळ्या दगडाखाली गेलं. आजही त्या दगडांच्या समुद्रातून चर्चचा मनोरा तेवढा वर आलेला दिसतो. शेतकऱ्याच्या शेताचं काय झालं, हे सांगायला नको.

डोंगर नव्हे, भेगा

आपल्याकडं मात्र यांतलं काहीच झालं नाही. दख्खनचा ज्वालामुखी म्हटल्यावर मुलं टोकदार डोंगर आणि त्यातून निघणारा धूर काढतात. मीही कित्येक वर्षं फळ्यावर तेच चित्र काढलं, हे कबूल करते. प्रत्यक्षात इथं जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ रस वाहत राहिला. नर्मदा-तापीच्या खोऱ्यात, नाशिक-पुण्याच्या भागात त्या भेगांमध्येच थिजलेले दगडी बांध अजून दिसतात. लांबून पाहिलं तर कुणी जुना कोट बांधलाय असं वाटतं.

माणसानं पाहिलेला याचा एक मोठा नमुना आइसलँडमधला. १७८३ च्या जूनमध्ये लाकी इथं सुमारे सत्तावीस किलोमीटर लांबीची भेग पडली आणि आठ महिने रस वाहत होता. सगळा मिळून साधारण पंधरा घन किलोमीटर. दगडाखाली माणसं फारशी मेली नाहीत. मेली ती वायूंमुळे. गवतावर विष बसलं, गुरं-मेंढ्या मेल्या आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात त्या देशातला सुमारे पाचवा हिस्सा माणूस संपला. युरोपभर त्या उन्हाळ्यात धुरकं पसरलं होतं. हे पंधरा घन किलोमीटरनं झालं. दख्खनमध्ये एकूण रस किती आला असावा? दहा लाख घन किलोमीटरच्या आसपास किंवा अधिक, असा अंदाज आहे.

हा आकडा लिहिताना हात थबकतो. त्यांतले एकेक लोंढे शेकडो किलोमीटर वाहत गेले. आंध्रात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठी काळ्या पाषाणाचा एक सुटा तुकडा आहे. तोही याच उद्रेकांतला, आणि काही संशोधकांच्या मते तिथला रस पश्चिमेकडून जवळजवळ हजार किलोमीटर वाहत आलेला. थरावर थर चढत गेले. सह्याद्रीचे ते पायऱ्या-पायऱ्यांचे कडे म्हणजे हेच थर. पायरीला स्वीडिश भाषेत ‘ट्रॅपा’ म्हणतात, त्यावरून ‘डेक्कन ट्रॅप’. आज हा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग, माळवा, सौराष्ट्र आणि आपल्याकडचा उत्तर कर्नाटकाचा पट्टा. कोयनेच्या भागात, १९६७ च्या भूकंपाचं मूळ शोधण्यासाठी पुढे खोल छिद्रं घेतली तेव्हा सव्वानऊशे मीटरहून अधिक काळा पाषाण लागला आणि त्याच्याखाली एकदम ग्रॅनाइट.

इतका रस आला कुठून? तर पृथ्वीच्या आवरणात काही ठिकाणी खोलातून तप्त खडकाचा झोत वर येत राहतो. त्याची जागा हलत नाही, वरची जमीन हलते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत हे उत्तरेकडं सरकत चाललेलं बेट होतं आणि ते या झोतावरून गेलं. आज तोच झोत रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी अजून वरचेवर वाहतो. भारतापासून तिथवरच्या वाटेवर त्यानं ठसे सोडलेत, लक्षद्वीप-मालदीवची समुद्रात बुडालेली रांग आणि मॉरिशस. मॉरिशसला गिरमिटात गेलेल्या आपल्या रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या मराठी माणसांनी ऊसमळ्यांत जे काळे दगड वेचून ढीग रचले, ते त्यांच्या गावच्या दगडांचेच धाकटे भाऊ होते. त्यांना बिचाऱ्यांना हे कळायचं काही कारण नव्हतं.

या उद्रेकांच्या ऐन काळातच डायनोसॉर संपले. मेक्सिकोत याच सुमारास आदळलेली उल्का त्यांच्या मुळावर आली, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या गंधकी धुरानं त्यात किती भर घातली यावर अजून भांडण आहे. आपले वायू आधीपासून येत होते आणि नंतरही येत राहिले, एवढं नक्की. इंदूरकर वाचकांना ठाऊक असेल, धार जिल्ह्यात डायनोसॉरच्या अंड्यांची शेकडो अश्मं मिळाली आहेत. २०२३ साली तिथलीच एक गोष्ट वर्तमानपत्रांत आली होती. पाडल्या गावचे लोक शेतात सापडलेले गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून पूजत होते. अभ्यासकांनी पाहिलं तर ती अंडी! मला त्या गावकऱ्यांचं हसू येत नाही. त्यांना निदान तो दगड वेगळा आहे हे दिसलं. मला बावीस वर्षांत पाट्यातले तीळ दिसले नव्हते.

एकाच रसाची नाना रूपं

बेळगावची गंमत अशी की आपण या काळ्या पाषाणाच्या दक्षिण काठावर बसलो आहोत. पूर्वेला गोकाकच्या धबधब्याकडं गेलात तर घटप्रभा ज्या कड्यावरून उडी घेते तो वालुकाश्म, बेसाल्टपेक्षा कितीतरी पुराणा. पश्चिमेला आणि उत्तरेला काळा कातळ. गोव्याच्या अगदी ईशान्य कोपऱ्यात त्याची किनार थोडीशी शिवते, बाकी गोवा फार प्राचीन खडकांवर वसलेला. हैदराबादच्या मंडळींकडं गोवळकोंड्याखाली आहे तो ग्रॅनाइट. तोही वितळलेल्या रसाचाच, पण जमिनीखाली अतिशय सावकाश थंड झालेला, म्हणून त्यातले स्फटिक डोळ्यांना दिसतात. बेसाल्ट उघड्यावर लवकर थिजला, म्हणून बारीक पोताचा. बडोद्याजवळच्या पावागडावर तर एकाच डोंगरात दोन्ही स्वभाव पाहायला मिळतात. खाली पातळ रसाचे बेसाल्टचे थर आणि माथ्याकडं चिकट रसाचा रायोलाइट.

थिजताना जाड थर आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात, तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा. त्यातून पाच-सहा कोनी खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा असा खांबांचा साठ मीटर उंच सुळका आहे, वर गावदेवीचं देऊळ आणि खाली इमारतींची गर्दी. भोवतीचा दगड खडीसाठी कधीच गेला. उडुपीजवळ माल्पेच्या समुद्रात सेंट मेरी बेटांवरचे खांब अनेकांनी सहलीत पाहिले असतील. ते मात्र दख्खनचे नव्हेत. ते सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी, मादागास्कर भारतापासून सुटला तेव्हाचे. आणि लोणारचं सरोवर? गोल खड्डा पाहून पुष्कळ जण त्याला ज्वालामुखी समजतात. तो उल्केनं या तयार पाषाणाला पाडलेला खड्डा आहे.

बुडबुड्यांच्या मोठ्या पोकळ्यांत जी खनिजं साचली ती म्हणजे आपल्या गारगोट्या आणि झिओलाइटचे हिरवे-गुलाबी-पांढरे स्फटिक. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणी-विहिरींतले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले आहेत. सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयच आहे. (भुदरगडची गारगोटी वेगळी, हे आपल्या भागात सांगावं लागतंच.)

आणि ऊन-पावसात हाच पाषाण कुजला की? कमी पावसाच्या पठारावर त्याची काळी कसदार माती होते. घाटमाथ्यावरच्या मुसळधार पावसात सिलिका धुऊन जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं, आणि तयार होतो तांबडा जांभा. पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा, त्याच्याखाली काळा पाषाण. चंदगड-राधानगरीच्या पठारांवर ॲल्युमिनियमचा अंश फार वाढला म्हणून तिथं बॉक्साइट मिळालं. काळा दगड आणि तांबडा चिरा हे वैरी नव्हेत, आई-लेक आहेत.

मामांची विहीर

हे सगळं कळून उपयोग काय, असं कुणी विचारेल. आमच्या मामांना विचारा. मामांचं शेत चंदगड भागात. जुनी चाळीस फुटी विहीर शिमग्यापर्यंत पाणी द्यायची, मग तळ दिसायचा. शेजाऱ्याला बोअर लागली म्हणून मामांनी पाणाड्या बोलावला. तळहातावरचा नारळ जिथं उभा राहिला तिथं साडेतीनशे फूट मारली. नुसता धुरळा. तिथून शंभर पावलांवर दुसरी, सव्वाचारशे फूट. तीही कोरडी. सोसायटीचं कर्ज डोक्यावर, मामींची पाटली गहाण. मामा दोन महिने कुणाशी धड बोलत नव्हते.

भूजल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या ओळखीचे. त्यांनी बोअरकडं पाहिलंसुद्धा नाही. शिडीनं थेट विहिरीत उतरले आणि मामांना हाक मारून भिंत दाखवली. वर तांबडी माती, मग मुरूम, मग ठिसूळ, भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि तळाशी वीतभर गेरूसारखा लाल पट्टा. त्याखाली काळा, अखंड कातळ. हा लाल पट्टा म्हणजे दोन लोंढ्यांमधली विश्रांती. खालचा लोंढा थिजल्यावर त्याचा माथा उघडा पडला, कुजून त्याची माती झाली, आणि मग पुढच्या लोंढ्यानं येऊन ती भाजून काढली. चिकणमातीसारखा हा पट्टा पाणी खाली जाऊ देत नाही. पावसाचं पाणी मांजऱ्यात मुरतं, पट्ट्यावर अडतं आणि विहिरीत पाझरतं. डोंगरांच्या कडेला एकाच पातळीवर झरे दिसतात ते पुष्कळदा यामुळंच.

मग बोअर कोरडी का? तर वरच्या ठिसूळ भागात माती ढासळू नये म्हणून लोखंडी नळी ठोकतात. पाणी होतं ते नेमकं तिथंच, नळीच्या बाहेर. खालच्या अखंड कातळात भेग लागली तर नशीब, नाहीतर कितीही खोल जा. शेजाऱ्याला भेग लागली, मामांना नाही. "नारळाचा दोष नाही हो," ते गृहस्थ म्हणाले, "दगडच असा आहे." मामा यावर पहिल्यांदा हसले.

विहिरीतला गाळ काढला. लाल पट्ट्याच्या वरच्या बाजूनं दोन आडवी भोकं मारली. चढाच्या अंगाला समपातळीत चर खणले. यंदा पाणी चैत्राच्या मध्यापर्यंत पुरलं. चमत्कार म्हणावा असं काही नाही. एकरभर भाजीपाला निघाला, पाटली अजून सुटायची आहे आणि दोन्ही बोअरींच्या तोंडावर मामींनी तुळशीच्या कुंड्या ठेवल्या आहेत.

पाटा शेवटी आमच्याकडं आला. लिफ्ट होती, पण लिफ्टवाल्यानं नको म्हटलं, म्हणून दोन हमालांनी जिन्यानं आणला. आता तो गॅलरीत आहे. पुतण्या आला की बोट ओलं करून त्यातले तीळ मोजतो. एकाच बाबतीत अडलंय. पाटा गुळगुळीत झालाय, त्यावर चटणी नुसती सरकते. पूर्वी दर उन्हाळ्यात "टाकी लाऽऽवायची का टाकी" अशी हाक देत एक बाई गल्लीत यायची, छिन्नी-हातोडीनं अर्ध्या तासात पाटा टाकवून द्यायची. हल्ली ती दिसत नाही. सासूबाई रोज विचारतात. कुणा वाचकाला असं कुणी माहीत असेल तर जरूर कळवावं.